मंडईतली फळं आणि नाशिकची ब्रूट

फसफसणाऱ्या वाइनमध्ये फळाचा गर घालून घरच्या घरी कॉकटेल करायचं, तर पुण्यात त्यासाठी काय विकत घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं, याचा हा हिशेब. निकाल आधीच सांगून टाकू. बाटली महागातली नको, कमीत कमी गोड हवी. त्यात वाचलेले पैसे फळांवर खर्च करा आणि आदल्या रात्री फ्रिजमध्ये जागा करून ठेवा. हे पेय बिघडतं ते सहसा बाटलीमुळे नाही, कोमट गरामुळे.

या सगळ्या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे बेलिनी. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युसेप्पे चिप्रियानी यांनी ते १९४८ च्या सुमारास बसवलं. पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही इटलीची फसफसती वाइन, एवढंच. प्रमाणही सोपं आहे: १०० मिली वाइनला ५० मिली गर. पीचच्या जागी स्ट्रॉबेरी घातली की त्याला रोसिनी म्हणतात. पांढरं पीच पुण्यात मिळणं कठीण, आणि उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारं पिवळं पीच बहुधा कच्चं उतरवलेलं असतं, त्याला वास नसतो. तेव्हा पीचचा नाद सोडावा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुरंदरचं अंजीर, कोकणातला हापूस आणि कोकम हाताशी असताना डब्यातल्या पीचमागे धावायचं कारण नाही.

आधी बाटली. लेबलवर ‘ब्रूट’ हा शब्द शोधा. ब्रूटमध्ये लिटरला जास्तीत जास्त १२ ग्रॅम साखर असते, म्हणजे तुमच्या १०० मिलीत फार तर सव्वा ग्रॅम. गोडी किती ठेवायची ते त्यामुळे तुमच्या हातात राहतं. ‘एक्स्ट्रा ड्राय’ हे नाव मात्र फसवं आहे. ती ब्रूटपेक्षा गोड असते, लिटरला १२ ते १७ ग्रॅम. ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५० ग्रॅम. तिच्यात हापूसचा गर घातलात तर ग्लासात लग्नाच्या पंगतीतला आमरस झाला म्हणायचा, फक्त बुडबुड्यांचा.

सुला ब्रूट पुण्यात सहज मिळते आणि या कामाला पुरेपूर आहे. आंबटपणा ठळक, चव साधी. प्यायला घेतली तर साधेपणा खटकेल, पण गर घातल्यावर नेमका तोच कामाला येतो, कारण फळाला बोलायला जागा मिळते. त्याच कंपनीची ब्रूट ट्रॉपिकाल स्वतःच फळांच्या वासाची आहे. ती नुसती प्यावी. स्ट्रॉबेरीशी तिची झटापट होते आणि दोघींचंही नुकसान होतं. फक्त कोकमाबरोबर ती जमते.

शाँदों ब्रूट २०१३ मध्ये बाजारात आली, ती नाशिकजवळ दिंडोरीला बनते. शेनिन ब्लांक, शार्दने आणि पिनो न्वार या द्राक्षांची ही वाइन. बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन, म्हणजे आंबवणं, बाटलीतच झाल्यामुळे तिचे बुडबुडे बारीक असतात आणि बराच वेळ टिकतात. दाट गर घातल्यावरही ग्लास मेल्यासारखा दिसत नाही, हा तिचा खरा फायदा. तिच्यात पावासारखा एक हलका वास आहे, तो मात्र ५० मिली आंब्याखाली पार गाडला जातो. म्हणून शाँदों घ्यायचीच असेल तर गराचं प्रमाण २०-२५ मिलीवर आणा, नाहीतर सुलावर भागवा. फ्रातेल्लीची ग्रान क्युवे ब्रूट अकलूजची, सोलापूर जिल्ह्यातली. नाशिकपेक्षा पुण्याला जवळची म्हणून तिच्याबद्दल थोडा पक्षपात होतो, तो कबूल आहे. अंजिराबरोबर या तिघींत तीच सगळ्यात चांगली लागते. इटलीहून आलेली प्रोसेको आयात शुल्कामुळे महाग पडते आणि गरात मिसळल्यावर तो जास्तीचा पैसा ग्लासात शोधून सापडत नाही.

फसफसती वाइन पुणे जिल्ह्याला नवी नाही, हेही जाता जाता. १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडाज कंपनीने फ्रेंच पद्धतीने बनवलेली ओमर खय्याम परदेशी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा सुलाचा पत्ताही नव्हता.

दुकानात बाटली निवडताना काचेच्या शोकेसमध्ये ऊन खात उभी असलेली घेऊ नका, विशेषतः काच पारदर्शक असेल तर. उजेडाने आणि उष्णतेने अशी वाइन बिघडते, उकडलेल्या कोबीसारखा वास यायला लागतो. आतल्या कपाटातली मागा. एप्रिल-मेच्या दुपारी ती डिकीत ठेवून आणखी चार कामं करत फिरू नका.

आता थंडपणा. वाइन ६ ते ८ अंशांवर हवी. फ्रिजमध्ये आडवी-उभी कशीही ठेवा, पण किमान चार तास. घाई असेल तर बादलीत दोन भाग बर्फ, एक भाग पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा, २०-२५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवली तर दुप्पट वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा थंडी पोचू देत नाही. फ्रीजरमध्ये ठेवून विसरणं हा सगळ्यात महागडा प्रकार. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो आणि वाइन त्याच्या बरीच आधी गोठते. मग बाटली फुटते.

थंडपणावर एवढा भर का? वायू गार द्रवात विरघळून राहतो, कोमट द्रवातून सुटून जातो. बाटलीत बाहेरच्या हवेच्या ५-६ पट दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. त्यात २८ अंशांचा गर घातला की वायू एकदम सुटतो, फेस ग्लासाबाहेर येतो आणि खाली उरतं ते सपक सरबत. म्हणून गर, ग्लास, वाइन तिन्ही गार. ग्लासात बर्फ मात्र टाकू नका. पाणी होतं आणि बर्फाच्या खडबडीत कडांवर बुडबुडे आणखी सुटतात.

फेस येण्याचं दुसरं कारण म्हणजे तंतू. फळाचा प्रत्येक बारीक रेशा, प्रत्येक बी बुडबुडा जन्माला घालायची जागा असते. शिवाय फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा चिकट घटक, फेस धरून ठेवतं. म्हणून गर गाळायचा, आणि नीट गाळायचा. मिक्सरमधून काढून थेट ओतणाऱ्यांची टेबलं पुसण्यातच संध्याकाळ जाते.

स्ट्रॉबेरीचा गर असा: अर्धा किलो स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून, पुसून कोरडी करा. मिक्सर एकसलग फिरवू नका. थांबत-थांबत चार-पाच झटके द्या. जास्त फिरवलं तर बिया भरडतात आणि कडवट होतात. मग बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून गाळा. साडेतीनशे मिलीच्या आसपास गर निघतो, म्हणजे ५० मिलीप्रमाणे सात ग्लास, आणि ७५० मिलीच्या बाटलीतही १०० मिलीप्रमाणे सातच ग्लास असतात. हिशेब सुरेख जुळतो. त्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घाला आणि चाखून बघून मगच साखरेचा पाक. १०० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात फक्त विरघळवायची, एकतारीपर्यंत नेऊ नका, नाहीतर गार झाल्यावर तळाशी बसतो. कोरडी साखर ग्लासात कधीच नको, पिठीसाखर तर नकोच. तिच्या कणांवर वायू असा उसळतो की कारंजं बघून घ्यावं. गर झाकून निदान तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मिक्सरने कोंडलेली हवा तेवढ्यात वर येते, ती चमच्याने काढून टाका.

डिसेंबरअखेर ते मार्च हा स्ट्रॉबेरीचा चांगला काळ. सुरुवातीच्या पेट्यांमधली फळं दिसायला लालबुंद, आत पांढरी निघतात. टोपलीत वरचा थर बघू नका, खालचं फळ बघा.

हापूस या पेयाला तसा अवघड आहे. रस इतका दाट की वाइन वर तरंगते आणि आंबा तळाशी बसतो. दोन मध्यम आंब्यांचा रस पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढा, वाटीभर गार पाणी आणि अर्धं लिंबू घाला, मग पुन्हा गाळा. ताकापेक्षा किंचित दाट, एवढाच हवा. प्रमाणही ५० नाही, ३० मिली. रसाचा आंबा, पायरी, खरं तर हापूसपेक्षा बरा जमतो, कारण मुळात पातळ आणि जरा आंबट. डब्यातला आमरस बहुधा साखर घातलेला असतो, तो टाळा.

अंजिराचा रंग फिका येतो पण चव फार देखणी. सालासकट वाटू नका, सालीत चीक असतो. गर काढून एका लिंबाच्या रसाबरोबर फिरवा आणि गाळा. बिया नुसत्या गाळणीने पूर्ण निघणार नाहीत, त्यामुळे मलमलचं कापड लागतंच. चक्का टांगायचं असेल तर उत्तम.

संत्र्याचा रस घालून मिमोसा होतो, निम्मा रस, निम्मी वाइन. इथे एकच अट: रस त्याच क्षणी काढलेला हवा. संत्र्या-मोसंबीचा रस काढून ठेवला की तासाभरात कडवट व्हायला लागतो, बिया चिरडल्या असतील तर आणखी लवकर. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी वापरून वाइनला दोष देणारे पुष्कळ.

सगळ्यात कमी कष्टाचं आणि आमच्या मते सगळ्यात छान म्हणजे अमृत कोकम. १२० मिली ब्रूटला १५ मिली. गाळायला नको, फेस नाही, रंग माणकासारखा. पण बाटलीवर नीट वाचा: आगळ नको. आगळात मीठ असतं, आणि खारट वाइन कुणालाच नको असते. जिऱ्याचं कोकम सरबतही नको.

बाजारातले फळांचे क्रश चालतात का, हा प्रश्न हमखास येतो. चालतात, पण पातळ हाताने. क्रशमध्ये निम्म्याहून जास्त साखर असते आणि फळाचा वाटा बहुधा चौथाईच. १५ मिलीत जवळपास दोन चमचे साखर येते. १० मिली क्रश, ५ मिली लिंबू आणि १२० मिली ब्रूट, याच्या पुढे जाऊ नका. हंगाम नसताना ठीक. सीताफळ, पपई आणि केळं मात्र अजिबात नको. दूध नसूनही दुधाळ लागतात आणि आंबट वाइनशी भांडतात. अननसाला फेस आवरत नाही. पेरूत रव्यासारखे कण उरतात, दोनदा गाळायची तयारी असेल तरच गुलाबी पेरू घ्या. जांभळाचा रंग अप्रतिम, पण तुरटपणा असा की पाकाशिवाय जीभ जड होते. जूनमध्ये एकदा करून बघायला हरकत नाही.

बाटली उघडताना बुचावरची तार सोडवायला सहा अर्धे वेढे द्यावे लागतात. त्या क्षणापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. आवाज उसाशासारखा यायला हवा. दणका उडवणं दिसायला शोभतं, पण त्यात वायू आणि वाइन दोन्ही जातात, आणि हॉलच्या दिव्याचीही खैर नसते.

ओतायचा क्रम महत्त्वाचा. आधी गार ग्लासात गर. मग ग्लास तिरका करून २०-२५ मिली वाइन, लांब दांड्याच्या चमच्याने एकदाच हळू ढवळा. फेस बसू द्या, अर्धा मिनिट लागेल. मग उरलेली वाइन कडेने सोडा आणि शेवटी चमचा तळापासून एकदा वर उचला. बस. आधी वाइन आणि मग गर असं केलं तर गर दगडासारखा खाली जातो, ढवळावं लागतं आणि ढवळलं की वायू गेलाच. शेकरमध्ये घालून हलवणं तर विसराच.

अरुंद उंच ग्लास फोटोला छान, पण दाट गर त्यात ढवळता येत नाही. साधा वाइनचा ग्लास घ्या आणि अर्ध्याच्या थोडा वर भरा. ग्लासात साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे बसतात, म्हणून नुसत्या गरम पाण्याने पुन्हा धुऊन पालथे वाळवा.

बाटली उरलीच तर दांड्याचं, पकडीने बसणारं स्पार्कलिंगचं बूच लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत कॉकटेलपुरती चालते. हवा ओढून घेणारे पंप साध्या वाइनसाठी असतात, इथे ते उरलासुरला वायूच ओढून काढतात. बाटलीच्या तोंडात चांदीचा चमचा ठेवायच्या सल्ल्यात तथ्य नाही. उरलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, स्ट्रॉबेरीचा महिनाभर राहतो. वापरायच्या आधी मात्र फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या आणि पुन्हा एकदा गाळा, कारण गोठल्यावर त्यातले तंतू सुटून वेगळे होतात.