कार्बन रोड बाईक, आठ महिन्यांनंतर : सीटपोस्टने डोकं खाल्लं

कार्बन फ्रेम, शिमानो 105 आर7000 (गियर-ब्रेकचा सेट), रिम ब्रेक, 25 मिलिमीटरचे टायर. सीटपोस्टपण, म्हणजे सीटखालची दांडी, कार्बनची, फ्रेमच्या आत लपलेल्या वेजने (पाचरीने) आवळायची. बाकी स्पेक टाइप करत बसत नाही. फ्रेमवाल्या कंपनीचं आणि दुकानाचं नाव घेणार नाहीये, का ते पुढे कळेलच.

चांगलं आधी उरकून टाकतो. जुनी हायब्रिड तेरा किलोची होती, ही साडेआठ. पहाटे साडेपाचला इथे इंदूरला सुपर कॉरिडॉरवर काढली की पहिल्या पाच मिनिटांत पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, छप्पन दुकानवर पोहे खाऊन परत येतानाही पाय जड नसतात. 105बद्दल काय लिहायचं, गियर पडतात, ब्रेक लागतात, चुपचाप काम करते. आता मूळ विषय.

दुसऱ्या महिन्यात आवाज सुरू झाला. उजवा पाय खाली गेला की कट्ट. प्रत्येक फेरीला एकदा, घड्याळासारखं. सपाटीवर कमी, राऊच्या पुढे महूकडे जरा चढ आला की जोरात. एवढा जोरात की सोबतचा मागून म्हणतो, तुझी बाईक तुटतेय बघ. एवढे पैसे घालून कार्बन घेतली आणि आवाज आमच्या दूधवाल्याच्या सायकलसारखा, चिडचिड होणार नाही तर काय.

दुकानात नेली तर मेकॅनिकने पेडल हाताने अर्धं फिरवलं आणि निकाल दिला, "भिया, बीबी गया." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचा दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग. आता हिचा बीबी प्रेस-फिट, म्हणजे चुड्याच (आटे) नाहीत, 41 मिलिमीटरच्या भोकात प्लॅस्टिकचे कप दाबून बसवतात, आणि प्रेस-फिटचं नाव आधीच इतकं बदनाम की सायकलमधून कुठलाही आवाज आला तरी पहिला संशय त्याच्यावर. मीपण मान डोलावली. नवीन बीबी आणि मजुरी धरून 2,400 रुपये. दोन राईड एकदम शांत, मी घरी सगळ्यांना सांगितलं की गेला आवाज. तिसऱ्या राईडला, बरोब्बर चाळीसेक किलोमीटर झाल्यावर, कट्ट.

हे इथपर्यंत मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा दोन चांदण्या देणार होतो, त्यातली एक गियरची. बरं झालं पोस्ट नाही केलं.

कारण त्याच आठवड्यात गुडघा दुखायला लागला. उजवा, पुढून, वाटीच्या खाली. सीटची उंची मोजली तर 71.9, आणि मी लावली होती 72.5. वाटलं मोजण्यात गडबड झाली असेल, परत 72.5 केली आणि सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे, काठाला अगदी चिकटवून, काळ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळली. उज्जैन रोडला पन्नास किलोमीटर जाऊन आलो तर पट्टीची खालची कड फ्रेमच्या तोंडाशी चुरगळून वर गोळा झालेली. तीन मिलिमीटर पोस्ट आत. पुढच्या राईडला अजून दोन. म्हणजे मी पूर्ण राईडभर हळूहळू बुटका होत होतो आणि मला पत्ता नाही.

मग डोकं चालवलं जे आधीच चालवायला हवं होतं. चढावर सीटवरून उठून उभ्याने पेडल मारलं, आवाज बंद. बसलो, कट्ट. उठलो, बंद. बीबीचा आवाज असता तर उभं राहिल्यावर उलट वाढला असता, कारण तेव्हा सगळं वजन पेडलवर. बसल्यावरच येतोय म्हणजे सीट, सीटचे रेल किंवा सीटपोस्ट. एवढी साधी परीक्षा, फुकट, दोन मिनिटांची, आणि मी 2,400 घालून बसलो होतो. आणि त्या दोन राईड शांत का गेल्या तेही कळलं. बीबी बदलताना त्यांनी बाईक स्टँडला सीटपोस्टवर पकडली होती (कार्बन फ्रेमची नळी स्टँडमध्ये पकडायची नसते, एवढं त्यांना माहीत होतं), त्यासाठी पोस्ट वर ओढली आणि नंतर परत खाली बसवून आवळली. आवाज त्याने गेला होता. बीबी बिचारा निर्दोष.

दुकानात परत गेलो तर त्यांनी साध्या ॲलन कीने अजून थोडं आवळून दिलं, अंदाजाने. त्या बोल्टशेजारी फ्रेमवर बारीक अक्षरात 5 एनएम लिहिलंय, म्हणजे न्यूटन-मीटर, बोल्ट किती जोराने (टॉर्कने) आवळायचा त्याचं माप. स्टील किंवा ॲल्युमिनियम जास्त आवळलं तर दबतं, वाकतं, काही तरी सांगतं. कार्बन काही सांगत नाही, सरळ तडकतो. घरी आल्यावर पोस्टवर रुपयाचं नाणं टकटक करत अर्धा तास बसलो, कुठे बद्द आवाज येतो का बघायला. बायको म्हणाली, नारळ घेताय का.

मग कंपनीला मेल. तीन परिच्छेद, भयंकर तापलेला, फ्रेम रिप्लेस करा म्हणून. तिकडून दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर, पोस्टला ग्रीस लावलंय का?

लावलं होतं. मीच. बाईक घरी आली त्या संध्याकाळी उंची सेट करायला पोस्ट काढली आणि परत घालताना मस्त बोटभर ग्रीस चोपडलं, कारण रामबागेत लहानपणी बाबांनी ॲटलस सायकलवर हेच शिकवलं होतं की नळीत नळी घालायची तर ग्रीस लावूनच, नाहीतर गंजून जाम होते. लोखंडासाठी शंभर टक्के बरोबर. कार्बनमध्ये कार्बन बसवायचा तर पाच एनएमच्या आवळण्यावर पकड धरायला घर्षणच पाहिजे, आणि मी तिथे घसरगुंडी करून ठेवलेली. पोस्ट घसरायची, हलायची, कट्ट म्हणायची. मॅन्युअलच्या एका पानावर ग्रीसच्या डबीवर फुली मारलेलं चित्रसुद्धा आहे. मॅन्युअल कोण वाचतं.

उपाय, ज्यांचं हेच होतंय त्यांच्यासाठी. जेल रोडला मोबाईल रिपेअरवाल्यांकडे बोर्ड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते घेतलं. जुन्या बनियनचा तुकडा झाडूच्या दांड्याला गुंडाळून सीट ट्यूबच्या आत फिरवला, पहिले चार तुकडे काळे निघाले, पाचवा स्वच्छ. पोस्ट आणि वेजपण तसंच पुसलं. मग कार्बन पेस्ट. बोटावर घेतली तर ओल्या बारीक रव्यासारखी खरखर लागते, त्यातले कण दोन्ही पृष्ठभागांत अडकून कमी टॉर्कमध्ये पकड देतात. पोस्टचा जेवढा भाग आत जातो त्याला आणि वेजच्या पोस्टकडच्या बाजूला पातळ थर. ग्रीस फक्त वेजच्या बोल्टच्या चुड्यांना, कारण तिथे लोखंडात लोखंड आहे, म्हणजे बाबा तिथे बरोबरच.

टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना, घ्यायला मी फार कुंथलो. मित्राकडे गाडीचा होता, म्हटलं फुकटात होईल, तर तो सुरूच 28 एनएमपासून होतो, त्याने पाच लावायचे म्हणजे ट्रकच्या काट्यावर जिरं तोलणं. शेवटी 2 ते 14 वाला छोटा घेतला, 2,300 रुपये, म्हणजे त्या बिनकामाच्या बीबीपेक्षा स्वस्त. स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्टपण तपासले, दुकानातून आलेले चारातले दोन बऱ्यापैकी जास्त आवळलेले.

दुकानावरचा राग मात्र पूर्ण गेलेला नाही. जानापावच्या चढासाठी 11-28 काढून 11-34ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच (आकडे सगळ्यात लहान आणि मोठ्या चकतीच्या दातांचे), बसवून घेतली (चेन सरकवणारा डिरेलर आधीपासून लांब केजचा होता म्हणून चाललं), आणि गियर वेडेवाकडे पडायला लागले. चाक काढून कॅसेट हाताने हलवली तर खडखड. ही 11-34ची कॅसेट 11 स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे 1.85 मिलिमीटरचा स्पेसर (पातळ कडी) लागतो, पाकिटातच येतो. त्यांनी पाकीट फेकून दिलं होतं. आठ दिवसांनी दुसरा स्पेसर दिला, तोही मी विचारल्यावर.

आज पेस्ट लावून 410 किलोमीटर झाले. टेपची पट्टी जागच्या जागी, कट्ट शून्य, गुडघा ठीक. फ्रेमला साडेचार चांदण्या, दुकानाला दीड, मला स्वतःला एक. कंपनीला दुसरा मेल केला, सॉरी म्हणून, त्याचं उत्तर आलं नाही. पट्टी काढलेली नाही, पावसाळ्यात सीट ट्यूबमध्ये पाणी शिरतं तेव्हा काय होतं ते बघायचंय. पेस्टची अर्धी ट्यूब उरलीये, मेकॅनिकने काल फोन करून विचारलं कुठून घेतली.