मनालीत मंगळवारी रोहतांग ‘दाखवलं’, १०,९०० रुपयांना

मनालीला निघाला असाल तर मॉल रोडवर कोणाशी बोलण्याआधी हे वाचा. रोहतांग पास मंगळवारी पर्यटकांना बंद असतो, रस्त्याच्या डागडुजीसाठी. तिथे जायला गाडीला परमिट लागतं, ते त्या दिवसाचं निघतच नाही. एवढं एक वाक्य आम्हाला हॉटेलात कोणी सांगितलं नाही, उलट ‘परमिट संपतात हं, लवकर करा’ म्हणून घाई मात्र लावली.

सोमवारी संध्याकाळी मॉल रोडलगतच्या गल्लीत जिन्याखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटकडे गाडी ठरवली. टॅक्सी ५,५००, परमिट २,२००, ग्रीन टॅक्स ८००. एकूण ८,५००, सगळे आगाऊ, यूपीआयवर. आगाऊ कशाला दिले, असं घरी येऊन सगळ्यांनी विचारलं. अहो, सोबत सासूबाईंचे गुडघे, दोन मुलांची ‘बर्फ कधी, बर्फ कधी’ ही भुणभुण, आणि परमिट संपतात हे तर खरंच आहे! दिवसाला १,२०० गाड्या, त्यात ८०० पेट्रोल, ४०० डिझेल. हरित लवादामुळे ही मर्यादा आली. पेपरात वाचलेलं होतं, म्हणून तर विश्वास बसला.

तो पावती लिहीत असताना सासरे म्हणाले, “कल मंगलवार है, मेरा उपास. ऊपर खाने को क्या मिलेगा?” त्याचं बॉलपेन तारखेवरच थांबलं. त्याने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग म्हणाला, “बाबूजी, ऊपर मॅगी मिल जाएगी.” उपासाला मॅगी! आम्ही सगळे हसलो. तो मात्र चाचपत होता, मंगळवारची भानगड आम्हाला ठाऊक आहे की नाही. आम्ही हसलो आणि त्याने तारीख पुरी केली. ते थांबलेलं पेन आठवलं की अजून अंगाची लाही होते.

सकाळी ड्रायव्हरने आधी कपड्यांच्या दुकानात उतरवलं. रस्त्याला अशी नंबर टाकलेली दुकानं ओळीने आहेत. गाडी कुठल्या नंबरपाशी थांबणार हे ड्रायव्हर ठरवतो. कोट आणि गमबूट, माणशी ४००, सहा जणांचे २,४००. माझा एक बूट आतून ओला होता. पलचानला रोहतांगचा रस्ता सोडून गाडी सोलंगकडे वळली. “टनल से शॉर्टकट है, मॅडम.” अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर, २०२० पासून सुरू. ह्या बोगद्याला परमिट लागत नाही. पलीकडे कोकसरजवळ मळकट बर्फाच्या पट्ट्यापाशी थांबवून म्हणतो, “यही रोहतांग है.” मुलाने मोबाइलवर उंची पाहिली तर जेमतेम ३,१०० मीटरच्या वर. रोहतांग ३,९७८! विचारलं तर ड्रायव्हर म्हणे, मुझे तो यहीं का बोला है.

मग ते ‘परमिट’ नीट पाहिलं. गाडीचा नंबर आमच्या गाडीचा नव्हताच. परमिट गाडीच्या नंबरावर निघतं, ऑनलाइन, ५०० अधिक गर्दीशुल्क ५०. नंबर ताडून पाहा, पैसे नंतर द्या. आणि ग्रीन टॅक्स बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांना असतो. आमची टॅक्सी हिमाचलचीच होती, मग ते ८०० कशाचे?

संध्याकाळी जिन्याखाली टेबलही नव्हतं. चौकीत गेलो. साहेब म्हणाले, गाडी मिळाली ना, फिरलात ना, मग फसवणूक कसली? पावतीवर शिक्का नाही म्हणून एका सरकारी खिडकीवर पाठवलं. खिडकीवाल्या बाईंनी सांगितलं, हा माणूस नोंदणीकृत नाही, आमच्याकडे येत नाही, चौकीत जा. नोंदणी नसलेला माणूस भर गल्लीत टेबल टाकून बसतो, ह्याची चौकशी कोणी करायची, पर्यटकांनी? हेल्पलाइनला फोन केला तर तुम्ही स्वतःच्या मर्जीने पैसे पाठवलेत, हा प्रकार आमच्यात बसत नाही. बँकेचंही तेच. ह्यांनी ऑनलाइन तक्रार टाकली, पावती, खोटं परमिट, यूपीआयचा स्क्रीनशॉट सगळं जोडून. ‘आवश्यक कागदपत्रांअभावी निकाली’ असा मेसेज आला. कुठला कागद कमी पडला, ते लिहिलेलं नाही. विचारायला जो नंबर दिलाय, तो लागत नाही.