सेंट्रोमिअरवर एमएस्सीचा प्रकल्प: फिश करावे की लांब वाचनांचा डेटा घ्यावा?

कोल्हापुरात एमएस्सी करताना शोधप्रकल्पासाठी ज्यांनी मानवी सेंट्रोमिअर (पेशीविभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते तो त्याचा भाग) हा विषय पक्का केला आहे, त्यांच्यापुढे आज दोन वाटा आहेत. एक म्हणजे गुणसूत्रांवर चमकणारा प्रोब (ठरावीक क्रमाला चिकटणारा डीएनएचा तुकडा) बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजेच फिश. आणि दुसरी म्हणजे लांब वाचनांतून (यंत्राने सलग वाचलेल्या डीएनएच्या मोठ्या तुकड्यांतून) जुळवलेला, सर्वांसाठी खुला असलेला जनुकसंच संगणकावर उलगडणे. निवड करण्यापूर्वी तिथल्या डीएनएची रचना समजून घ्यावी, कारण दोन्ही पद्धतींच्या मर्यादा त्या रचनेतूनच आल्या आहेत.

मानवी सेंट्रोमिअरमध्ये सुमारे 171 बेसजोड्यांचा अल्फा सॅटेलाइट हा तुकडा एकापाठोपाठ एक येत राहतो. कोल्हापुरी साजात वेगवेगळ्या आकारांची पाने ठरलेल्या क्रमाने ओवलेली असतात, तसे एक्स गुणसूत्रावर एकमेकांपासून बरेच वेगळे असे 12 तुकडे ठरावीक क्रमाने येतात आणि सुमारे 2,000 बेसजोड्यांचा हा अख्खा संच, जवळजवळ तंतोतंत, शेकडो वेळा पुन्हा येतो. 17 क्रमांकाच्या गुणसूत्रावर असाच संच सहसा 16 तुकड्यांचा असतो.

फिशचा मोठा गुण असा, की एकाच जागी तुकड्यांच्या हजारो प्रती असल्याने प्रोबचा ठिपका ठळक दिसतो, आणि पेशीत एक्स गुणसूत्रे किती आहेत हे विभाजन चालू नसलेल्या पेशीतही मोजता येते. पण येथे एक सापळा आहे. 13 आणि 21 या गुणसूत्रांचे अल्फा सॅटेलाइट इतके सारखे आहेत, की त्यांचा प्रोब दोन्हींवर बसतो. 14 आणि 22 यांचेही तसेच. म्हणूनच डाउन सिंड्रोमच्या तपासणीत सेंट्रोमिअरचा नव्हे, तर 21 च्या लांब भुजेवरचा प्रोब वापरतात. शिवाय ठिपक्यावरून आतला क्रम कळत नाही. मानवी रक्ताचे नमुने घ्यायचे तर नैतिकता समितीची परवानगी हवी, आणि एका सत्राच्या प्रकल्पात तिला लागणारा वेळ मी फार महत्त्वाचा मानतो.

दुसऱ्या वाटेवर प्रयोगशाळेचा खर्च जवळजवळ नाही. काहीशे बेसची आखूड वाचने म्हणजे पंचगंगेच्या घाटावरील एकेका पायरीचे छायाचित्र. ती पायरी कितवी, हे त्यावरून ठरवता येत नाही. त्यामुळेच 2003 मध्ये मानवी जनुकसंच पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी सेंट्रोमिअर रिकामेच राहिले. नॅनोपोअर या तंत्राची लाख बेसपेक्षा लांब आणि पॅकबायो या तंत्राची अतिशय अचूक वाचने एकत्र आल्यावर 2020 मध्ये एक्स गुणसूत्र आणि 2022 मध्ये सीएचएम13 या मानवी पेशीवंशाचा अखंड जनुकसंच हाती आला. मात्र हा एकाच नमुन्याचा जनुकसंच आहे, त्या पेशीवंशात वाय गुणसूत्र नाही, आणि एकाच गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरची लांबी माणसामाणसांत कित्येक पटींनी बदलू शकते. त्यामुळे त्यावरून सर्व माणसांविषयी विधान करू नये.

क्रम संपूर्ण वाचला, तरी तुर्कतंतू (विभाजनात गुणसूत्रे ओढणारे धागे) नेमके कोठे जोडले जातात, हे केवळ डीएनए सांगत नाही. ती जागा सेन्प-ए हे, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन एच3 च्या जागी बसणारे, प्रथिन ठरवते. 1993 मध्ये 10 क्रमांकाच्या गुणसूत्रावर अल्फा सॅटेलाइट नसलेल्या ठिकाणी कार्यक्षम सेंट्रोमिअर आढळल्याची नोंद झाली, ती याच कारणाने मला फार मोलाची वाटते.

गुणसूत्रांची संख्या किंवा त्यांतील बदल हा आपला प्रश्न असेल आणि फ्लुओरेसेन्ट सूक्ष्मदर्शक व परवानगी दोन्ही हाताशी असतील, तर एक्स किंवा 17 चा प्रोब घेऊन फिश करावे. रचना आणि उत्क्रांती हा प्रश्न असेल, तर खुला डेटा घ्यावा, आणि कोल्हापुरातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना मी हीच वाट सुचवेन. सुरुवात एक्सपासून करावी. 12 तुकड्यांचा संच स्वतः ओळखता आला, की त्याच पट्ट्यावर मेथिलेशन (डीएनएवरील मेथिल या रासायनिक खुणा) कोठे एकदम घटते ते पाहावे, कारण सेन्प-ए बहुधा त्याच खोलगट भागात सापडते.