पुणे विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.: विभागात की कॉलेजात?

पदवी झाली की मुलं विचारतात, पुढचं विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात करू की संलग्न कॉलेजात? पदवी दोन्हीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच. फरक पडतो तो दोन वर्षांतल्या रोजच्या दिवसाला.

2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही.

भौतिकशास्त्र घेणार असाल तर विभागच धरा. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था त्याच आवारात आहेत. खोडदची रेडिओ दुर्बीण एनसीआरएच चालवते. प्रॅक्टिकल आटोपून संध्याकाळच्या व्याख्यानाला चालत जाता येतं आणि प्रकल्पासाठी दार ठोठावायला माणसं समोर असतात. विभागात शिकवणारेच पेपर काढतात, दुसऱ्या विभागातला विषयही घेता येतो. स्वायत्त कॉलेजं सोडली तर इतर कॉलेजांत विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आखलेला अभ्यासक्रमच शिकवला जातो. मात्र विभागाला प्रवेश परीक्षा असते. पदवीच्या निकालाची वाट बघत बसलात तर अर्जाची तारीख निघून जाते, आणि दरवर्षी चांगली मुलं इथेच अडकतात.

एम.कॉम.चं नेमकं उलट. सीएची आर्टिकलशिप किंवा नोकरी चालू असेल तर सकाळी तास घेणारं जवळचं कॉलेज गाठा.

मराठी, इतिहास, राज्यशास्त्र यांत मात्र माझा जीव दोन्हीकडे ओढतो. जयकर ग्रंथालयात एक संदर्भ शोधताना शेजारची चार पुस्तकं हाती लागतात, ते सुख तालुक्याच्या गावी नाही. पण वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही, आणि खोलीचं भाडं, मेसचे पैसे दर महिन्याला लागतातच. माझी एक विद्यार्थिनी एस.टी.चा पास काढून तालुक्याच्या कॉलेजात शिकली. वर्गात सहाजणी. तिचा प्रत्येक निबंध सर लाल शाईने भरून परत द्यायचे. ती सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात पास झाली. गर्दीच्या वर्गात एवढं लक्ष तिला मिळालं नसतं, असं मला आजही वाटतं.

नाटक, संगीत किंवा नृत्य करायचं असेल तर आवारातलं ललित कला केंद्र आधी बघा. पत्रकारितेचा विभाग आवारात नाही, तो फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

कॉलेजच ठरत असेल तर फी भरण्याआधी एकदा कामाच्या दिवशी तिथे जा. पदव्युत्तरला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे ऑफिसात नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.