साइड स्टँड वाढवायचा की त्याला प्लेट लावायची?

मागचा शॉकअप बदलून गाडी उंच केली, बटण टायर, म्हणजे कच्च्या रस्त्याचे जाड गाठींचे टायर, टाकले आणि बिल्डिंगखाली आणून साइड स्टँडवर लावली. ती इतकी कलली की वॉचमनकाकांनी हातातली पिशवी टाकून हँडल धरलं. तशी पडणार नव्हती. पण काकांना काय बोलणार? पुढचे दोन महिने मी स्वतः गाडी लावल्यावर थोडा वेळ हात जवळ ठेवूनच उभा राहायचो.

गाडी उंच करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो, फक्त तो सगळे पैसे खर्च झाल्यावर येतो. शॉकअप, टायर, हँडल उंच करणारे रायझर यांवर आपण रात्र रात्र वाचतो. स्टँडचा विचार कुणी करत नाही. कंपन्यांना मात्र तो पक्का माहीत असतो. हिरोच्या एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये पुढच्या शॉकअपचा ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली होण्याची जागा, १९० मिमीवरून २५० आणि मागचा १७० वरून २२० होतो, म्हणून त्या किटबरोबर लांब साइड स्टँडही येतो. तुम्ही असं तयार किट घेतलं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. माझ्यासारखं सुटं सुटं सामान जमवून गाडी उंच केली असेल तर तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: स्टँडच्या पायाला नट-बोल्टनं बसणारी तयार रुंद प्लेट, किंवा वेल्डिंगवाल्याकडून स्टँडच वाढवून घेणं. मी आधी पहिला धरला, मग दुसरा.

तिसरा म्हणजे डबल स्टँड. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ ला तो २०१६ पासून कंपनीकडूनच यायचा, आणि चेनला तेल देताना किंवा ट्यूबवालं मागचं चाक काढताना त्याच्यासारखं सुख नाही. पण ज्या गाडीला तो मुळात नाही तिला मागाहून लावायचा म्हणजे वजन वाढतं, इंजिनाखाली दगडाला अडकायला एक जागा तयार होते, आणि चिखलात गाडी तशीही त्यावर ओढून घेता येत नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

स्टँडची नुसती उंची वाढवली की काम झालं असं वाटतं, ते मलाही वाटलं होतं. आखूड स्टँडनं गाडी जास्त कलते, उभी करताना कंबर धरते, आणि कोन बदलल्यामुळे स्टँडचा पाय जमिनीवर सपाट न बसता एका कडेवर उभा राहतो. ती कड सुरीसारखी मातीत जाते. हे झालं आखूडचं. लांब झाला तर त्याहून वाईट. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, आणि वाऱ्याची एक झुळूक किंवा शेजारून गेलेला ट्रक तिला उजवीकडे आडवी करतो. डावीकडे पडताना निदान स्टँड तरी मध्ये असतो, उजवीकडे काहीच नाही. ब्रेकचा लिव्हर गेला म्हणून समजा.

मोजायला मी १२ मिमी प्लायचे तुकडे घेतले. सपाट फरशीवर गाडी लावून स्टँडखाली एकेक सरकवत गेलो. तीन तुकड्यांवर रिकामी गाडी अगदी हवी तशी उभी राहिली. इथेच थांबलो असतो तर पस्तावलो असतो. मग टाकी फुल केली, मागे दोन्ही बाजूंच्या पिशव्या बांधल्या, वर तंबू. मागचा भाग बसला आणि तीच गाडी अशी ताठ झाली की डावीकडून एका बोटानं ढकलली असती तरी गेली असती. एक तुकडा काढला. दोन तुकड्यांवर, म्हणजे २४ मिमीवर, सामानासकट बरी आणि रिकामी जराशी कललेली. मी तिथे ठरवलं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण मोजताना सामान बांधून मोजा एवढं मात्र हक्कानं सांगतो.

आता प्लेट. आधी तिचं चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच पुष्कळ आहे. पंधरा मिनिटांत बसते, ॲलन की सोडून काही लागत नाही, आणि नको वाटली तर काढून गाडी होती तशी. माझ्या प्लेटनं उंची १५ मिमीच मिळत होती, पण तळ जवळजवळ तळहाताएवढा. स्टँडवर गाडीच्या वजनाचा थोडाच भाग येतो. तो भाग दोन बोटांच्या रुंदीवर आला की रुततो आणि तळहातावर पसरला की रुतत नाही. एप्रिलमधल्या दुपारी, डांबर मऊ झालेलं असताना, मूळ स्टँडनं पेट्रोलपंपाबाहेर भोक पाडलं होतं. प्लेटनं नुसता ठसा उमटला. कोकणात जांभ्याच्या ओल्या मुरमावर रात्रभर गाडी उभी राहिली आणि सकाळी जागची हललेली नव्हती. दिसायलाही बरी. ट्रिपला भेटणारे लोक खाली वाकून बघायचे, विचारायचे.

बारीक तक्रारी होत्या. बोल्ट सैल व्हायचे, थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, लावल्यावर थांबले. स्टँड काढताना बुटाची टाच प्लेटच्या कडेला अडायची, तीही सवय झाली. एवढ्यावर मी ती काढली नसती.

मग फलटणच्या बाजूला नीरा उजव्या कालव्याच्या भरावावरून येत होतो. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला. भराव बरा होता, पण खाली पाणंदीत उतरलो आणि काळी माती सुरू झाली. ती माती ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. ती टायरला लागत नाही, टायर होते. एका बाभळीखाली पाणी प्यायला थांबलो, स्टँड लावला. प्लेटनं काम चोख केलं, गाडी तसूभर रुतली नाही. मनातल्या मनात पैसे वसूल झाल्याचा हिशेबही केला. पाणी पिऊन स्टँड वर घेतला, बटण मारलं, इंजिन सुरू. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, इंजिन बंद.

परत सुरू केलं. गिअर, बंद. परत. मागे उसाची ट्रॉली येऊन उभी राहिली. ड्रायव्हर काही बोलला नाही, पण ट्रॉलीवर बसलेले आजोबा म्हणाले, "पावणं, स्टँड तेवढं वर घ्या की."

"वरच आहे हो आजोबा."

"न्हाई, खाली हाय."

त्यांचंच बरोबर होतं. प्लेटच्या वर आणि खाली दोन्हीकडे बोटभर जाड माती चिकटलेली. स्टँड वर घेतला की ती माती मागच्या चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर, दाबली जायची आणि स्टँड पूर्ण मिटायच्या आधीच, दोन-तीन अंश अलीकडे, अडायचा. डोळ्याला मिटलेला दिसायचा. आपल्याकडच्या आताच्या गाड्यांत स्टँडच्या बिजागरीपाशी जो कटऑफ स्विच असतो त्याला मात्र तो उघडाच वाटायचा, आणि न्यूट्रलमधून गिअरमध्ये जाताच तो इंजिन बंद करायचा. स्विचची काहीच चूक नाही. स्टँड खाली राहून डाव्या वळणाला कुणी आडवं होऊ नये म्हणूनच तो आहे. मी चिखलात गुडघ्यावर बसून बाभळीच्या काटकीनं प्लेट खरवडली. ट्रॉली बाजूनं काढायला जागा नव्हती, त्यामुळे प्रेक्षकही तेवढा वेळ थांबले.

डांबर लागेपर्यंत हे आणखी चार वेळा झालं. एकदा तर मी थांबलोही नव्हतो. पुढच्या चाकानं उडवलेली माती प्लेटवर साठत गेली आणि चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गेलं. चढावर मागे घरंगळणारी गाडी, पायाखाली लोणी झालेली माती, आणि स्टँडवर भरवसा नाही. त्या क्षणी मी प्लेटचा विषय मनातून काढून टाकला. काही जण यावर उपाय म्हणून स्विचच्या वायरी जोडून टाकतात. मला ते पटत नाही. एका गैरसोयीसाठी चांगला बंदोबस्त मोडण्यासारखं आहे ते. आणि अर्धवट मिटलेला स्टँड तरीही तसाच राहतो, फक्त आता स्विच ते सांगत नाही.

हे काळ्या मातीतच इतकं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. कोकणातल्या तांबड्या मुरमात, ताम्हिणीत, भोरकडच्या कच्च्या रस्त्यांवर त्याच प्लेटनं मला वर्षभर त्रास दिला नव्हता. तुमच्या गाडीत चिमटा आणि स्टँड यांच्यामध्ये जास्त जागा असेल तर कदाचित कधीच देणार नाही. घेण्याआधी स्टँड मिटवून मधली फट बघा. अंगठा सहज जात नसेल तर मी तरी घेणार नाही.

मग वेल्डिंग. आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्याचं मुख्य काम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं, त्यामुळे माझा स्टँड त्याला खेळण्यासारखा वाटला. पण त्याच्याकडे जाण्याआधी मी दोन गोष्टी केल्या आणि त्या तुम्हीही कराव्यात असं वाटतं. एक, मूळ स्टँड न कापता स्पेअरच्या दुकानातून दुसरा आणला. दोन, त्याला लोहचुंबक लावून बघितला. चिकटला तर लोखंड, काम होईल. काही गाड्यांचा स्टँड ॲल्युमिनियमचा असतो. तो साध्या वेल्डिंगवाल्याकडे न्यायचा नाही, मग तुमच्यासाठी प्लेटच बरी. आणि गाडीवर लावलेल्या स्टँडला वेल्डिंग करू देऊ नका. "पाच मिनिटांचं काम, काढायचं कशाला" असं म्हणतील. काढायचा. तो करंट गाडीच्या वायरिंगमधून आणि ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून, फिरायला नको.

त्यानं स्प्रिंगच्या खुंटीच्या बऱ्याच खाली, सरळ भागात कापला. वरचा भाग, बिजागरी, स्प्रिंग, स्विचची जागा, कशालाच हात नाही, म्हणून स्प्रिंगचा ताण होता तसाच राहिला. मधे १८ मिमीचा भरीव तुकडा, दोन्ही कडा ग्राइंडरनं तिरक्या घासून, वेल्डिंग आतपर्यंत जाईल अशी. पायाखाली ६ मिमीचा पत्रा. अठरा आणि सहा, चोवीस. पत्र्याच्या मापावरून आमची जरा हुज्जत झाली. तो म्हणाला, घे की मोठा, मजबूत दिसेल. मी त्याला काडेपेटी काढून दाखवली आणि म्हटलं, याच्यापेक्षा थोडा मोठा, बस. कोपरे गोल, मागची कड किंचित वर वाकवलेली, म्हणजे माती साठण्याऐवजी घसरून जाईल. आणि पाय नव्या कोनात सपाट टेकेल असा बसवला. हे महत्त्वाचं आहे आणि बोल्टच्या प्लेटमध्ये हे होत नाही, कारण ती मूळ पायाचा चुकीचा कोन तसाच पुढे चालवते.

सुटा स्टँड, वेल्डिंग, रेड ऑक्साइड आणि काळा रंग मिळून खर्च प्लेटच्या आसपासच गेला. वेळ मात्र एक अख्खी सुट्टी. बसवल्यावर मित्राला मागे बसवून गाडी दाबली आणि मिटलेल्या स्टँडचं टोक कशाला लागत नाही ना ते बघितलं. लांब केलेला स्टँड मिटल्यावर तेवढाच मागे जातो, हे लोक विसरतात.

दोन पावसाळे झाले. वेल्डिंगच्या कडेनं गंजाची बारीक रेघ आली आहे, दर महिन्याला तिथे नखानं खरवडून चीर नाही ना ते बघतो. स्टँडवर गाडी असताना वर बसून किक मारणं मी पूर्ण बंद केलंय. तसं ते आधीही करायला नको होतं. मुलांना फोटोसाठी बसवतानाही आता गाडी दोन्ही हातांनी धरतो. रुतण्याच्या बाबतीत हा स्टँड प्लेटच्या जवळपासही येत नाही. भाताच्या खाचराकडेला लावायची तर खाली काहीतरी लागतंच. कोकणात नारळाची करवंटी पालथी घातली की भागतं, देशावर चपटा दगड शोधावा लागतो.

मात्र फलटणची तीच पाणंद मी गेल्या जूनमध्ये परत केली, मुद्दाम. टायर गच्च भरले, मडगार्डखाली माती अडकून चाक फिरेना, दोनदा थांबून काटकीनं काढावी लागली. स्टँड प्रत्येक वेळी खट्ट करून पूर्ण मिटला.

तुम्ही गाडी थोडीच उंच केली असेल, जाणं मुख्यतः डांबरावर आणि कॅम्पच्या मैदानांवर असेल, किंवा वर्षभरात गाडी विकायचा विचार असेल, तर प्लेट घ्या. घरी आणून कापाकापी नको वाटणाऱ्यालाही मी तीच सांगेन. बाकीच्यांनी प्लायचे तुकडे आणि एक रविवार काढावा.

माझी जुनी प्लेट फेकली नाही. तिच्या बोल्टच्या भोकातून हातभर नायलॉनची दोरी ओवली आहे आणि ती टँकबॅगेत असते. मऊ जागा आली की स्टँडखाली टाकायची, दोरी हँडलला अडकवायची, आणि निघताना बसल्या बसल्या वर ओढून घ्यायची. चिखल लागलेला असतोच, म्हणून बरोबर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवतो.