टेलिमॅटिक्स बसवलं, ॲव्हरेज वाढलं. पण श्रेय नक्की कुणाचं?

कंपनीच्या मालट्रकना टेलिमॅटिक्सचे डबे (गाडी कुठे आहे, कशी चालते, किती डिझेल खाते हे ऑफिसला कळवणारी यंत्रं) आणि टायरच्या हवेचे सेन्सर बसवून आता बरेच महिने झालेत. नव्या वस्तूचं सुरुवातीला कौतुकच होतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय. डिझेल वाचलं का? वाचलं. पण विक्रेत्याने सांगितलं होतं त्या मार्गाने, म्हणजे ड्रायव्हरना यंत्राने गुण (स्कोअर) देऊन, नाही.

आधी आकड्याबद्दल. डबा इंजिनच्या कॉम्प्युटरमधून J1939 लाइनवरून (ट्रकमधले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायर) माहिती उचलतो. त्यात दिसणारं डिझेल मोजलेलं नसतं. इंजेक्टरने किती सोडलं असेल याचा तो हिशेब असतो. त्यामुळे पंपाच्या पावतीशी तो तंतोतंत जुळत नाही. टाकी फुल ते टाकी फुल ही जुनी नोंदवही आम्ही चालूच ठेवली आहे. एका गाडीचा फरक रोज साधारण तेवढाच राहिला तर हरकत नाही. एकदम वाढला, तर गळती किंवा चोरी शोधायला लागायचं. नुसत्या एवढ्यासाठीही डबा उपयोगी आहे.

उभ्या गाडीचं इंजिन चालू राहण्याचा हिशेब मात्र डोळे उघडणारा निघाला. मोठा ट्रक नुसता उभा राहून तासाला साधारण 3 लिटर डिझेल खातो आणि एक लिटर जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नकाशावर बघितलं तर सगळ्यात जास्त वेळ गाड्या आमच्याच गोदामाच्या फाटकाशी रांगेत ताटकळत होत्या! रांग हलली की पुढे सरकायचं, मग इंजिन बंद कोण करणार? आणि याचे गुण कापले जात होते ड्रायव्हरचे. लोडिंगच्या वेळा वाटून दिल्यावर जो फरक पडला, तो स्कोअरच्या बक्षिसांनी पडला नव्हता.

न्यूट्रलचा वाद तर प्रत्येक फ्लीटमध्ये असतोच. जुन्याजाणत्या ड्रायव्हरांचं ठाम मत, उतारावर न्यूट्रलला टाकलं की डिझेल वाचतं. एकाच्या शेजारी बसून त्याला स्क्रीन दाखवली. गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, आणि डिझेलचा आकडा शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल पुन्हा सुरू. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत असंच होतं, शिवाय गिअरमध्ये राहिलं की इंजिन ब्रेक हातचा जात नाही. त्याने उतार संपेपर्यंत स्क्रीनवरची नजर काढली नाही (मीच म्हटलं, रस्त्याकडे बघा!). दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सगळ्या केबिनमध्ये पोचली होती. प्रशिक्षणाच्या स्लाइड्सना हे जमलं नव्हतं.

वेगाचं गणित सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे हायवेवर थोडा वेग उतरवला तरी बचत दिसते. फक्त पोचायची वेळ तीच ठेवून वेगमर्यादा लावली, तर ड्रायव्हर जेवणाची विश्रांती कापतो. वेळापत्रक सैल केल्याशिवाय लिमिटर लावू नये.

टायरचे सेन्सर ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वात सरळ खरेदी. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा कुणी तपासत नाही, कारण व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. लोक बाहेरच्याला लोखंडी रॉड मारतात आणि निघतात. आतलं कमी हवेवर चालत राहिलं की भार बाहेरच्यावर येतो, घर्षण वाढतं, टायरही लवकर जातं. आता अलर्ट येतो. काही सेन्सर खराब झाले, तेवढं चालायचंच.

आता तक्रार. ड्रायव्हरांची क्रमवारी लिटरमागे किती किलोमीटर यावर लागते. म्हणजे माल उतरवून रिकामा परतणारा पहिला आणि पूर्ण वजन घेऊन घाट चढणारा शेवटचा! जी गाडी रिकामी पळते ती खरं तर फुकट धूर सोडते, आणि हे यंत्र तिलाच शाबासकी देतं. भांडणं झाली, रास्तच होती. आम्ही टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) लिटर असा हिशेब स्वतः एक्सेलमध्ये मांडला. परतीचा माल मिळवणं किती मोलाचं आहे ते त्यातूनच उमगलं. टिपर आणि मिक्सरचंही तसंच: पीटीओवर (इंजिनच्या ताकदीवर हौदा उचलणारी किंवा ड्रम फिरवणारी जोडणी) काम चाललेलं असताना यंत्र त्याला ‘वाया गेलेला वेळ’ म्हणतं.

‘एवढा कार्बन वाचला’ या रंगीत पानाकडे मी बघतच नाही. किती डिझेल भरलं ते माहीत असलं की कार्बन कागदावर निघतो. शिवाय भाड्याच्या गाड्यांवर माल ढकलला की आपला आकडा खाली येतो, धूर तेवढाच राहतो. विचारायचं असेल तर दोन्हींची बेरीज विचारा.

विक्रेत्याबरोबरच्या कराराचं नूतनीकरण जवळ आलंय. पीटीओचा वेळ वेगळा दाखवा आणि क्रमवारीत वजन धरा, असं विक्रेत्याला लेखी दिलंय. जमलं नाही तर स्कोअरचं पॅकेज बंद. हवेचे सेन्सर आणि उभ्या गाड्यांचा नकाशा ठेवणार.