तालुक्याच्या गावची नवी लॅब: रक्तासाठी जावे, थुंकीसाठी थांबावे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर दिवाळीनंतर एक खासगी पॅथॉलॉजी लॅब सुरू झाली. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी झाल्यामुळे अशा ठिकाणी अहवाल किती लवकर मिळतो यापेक्षा तिथला माणूस वापरलेली सुई कुठे टाकतो, याकडे माझे लक्ष आधी जाते. पत्नीच्या साखरेच्या तपासणीसाठी तीनदा आणि आमच्या सालदाराच्या खोकल्यासाठी एकदा तिथे जाणे झाले, त्यावरून हे लिहीत आहे.

रक्त घेण्याचे काम येथे उत्तम होते. तिथला तरुण तंत्रज्ञ प्रत्येक रुग्णामागे हातमोजे बदलतो आणि वापरलेल्या सुईला टोपण परत बसवत नाही, जी खोड आमच्या पिढीला शेवटपर्यंत सुटली नाही आणि जिच्यापायी अनेकांनी बोटांना सुया टोचून घेतल्या. सुई थेट पांढऱ्या, टोक आरपार जाऊ न देणाऱ्या डब्यात जाते; प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत आणि काचपट्ट्या निळ्या खोक्यात जातात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील ही रंगांची विभागणी बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या तक्त्यापुरती असते, येथे ती प्रत्यक्ष डब्यांत दिसली. हिपॅटायटिस बीची लस घेतली का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "तिन्ही डोस झाले काकाजी, कार्ड दाखवू का?"

दुसऱ्या खेपेस एका लहान मुलाने हात झटकला आणि उघडी नळी फरशीवर सांडली. तंत्रज्ञाने लगेच फडके मारले नाही. त्याने लोकांना मागे सारले, डागावर कागद पसरला, कडेकडून मध्याकडे हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे जंतुनाशक द्रावण, ओतले आणि बाकावरची मंडळी कुरकुरत असतानाही अर्धा तास कोणाला तिकडे फिरकू दिले नाही. माझी तक्रार आहे ती हायपोच्या कॅनविषयी. तो पश्चिमेच्या खिडकीत, एप्रिलच्या उन्हात ठेवलेला असतो. सोडियम हायपोक्लोराइटचा जोर उष्णतेने आणि उजेडाने उतरतो. पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग घेऊन एक टक्क्याचे द्रावण केले असे आपण समजतो, पण मूळ कॅनच उतरलेला असेल तर ते हिशेबापुरतेच एक टक्का राहते. कॅन सावलीत ठेवावा, पातळ केलेले द्रावण रोज ताजे करावे आणि बाटलीवर तारीख घालावी, एवढेच करायचे आहे.

खरी अडचण आतल्या खोलीत आहे. पू आणि लघवीचे कल्चर लावण्यासाठी, म्हणजे त्यातले जंतू बशीत वाढवून पाहण्यासाठी, तिथे एक चकचकीत यंत्र आहे आणि त्याला सगळे जण 'सेफ्टी कॅबिनेट' म्हणतात. सालदाराच्या थुंकीची डबी घेऊन मी गेलो तो गुरुवार होता. यंत्राशेजारच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली होती आणि तिचा धूर यंत्राच्या तोंडापाशी येताच आत न ओढला जाता सरळ तंत्रज्ञाच्या चेहऱ्याकडे वळत होता. म्हणजे ते साधे आडवे लॅमिनार फ्लो होते. त्यातली गाळलेली हवा नमुन्यावरून वाहत माणसाकडे येते, त्यामुळे कल्चरची बशी स्वच्छ राहते आणि नमुन्यात जे काही असेल ते समोरच्याच्या नाकात जाते. खऱ्या सेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, समोरची हवा आत खेचली जाते आणि बाहेर पडणारी हवा जंतू अडवणाऱ्या हेपा गाळणीतून जाते. दोन्हींना काच, दिवा आणि पंख्याचा आवाज सारखाच असल्यामुळे विकणाऱ्याचे फावते. क्षयाच्या संशयाची थुंकी या यंत्रापुढे उघडण्यापेक्षा वाहत्या हवेच्या खोलीत साध्या टेबलावर तिची काचपट्टी केलेली बरी. नुसत्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेलाही तेवढे चालते. मी डबी परत घेतली आणि ग्रामीण रुग्णालयात दिली, जिथे ही तपासणी तशीही मोफत होते.

नागपूरला जाणारे नमुने मात्र ते नीट बांधतात: बंद नळी, तिच्याभोवती कापूस आणि न गळणारा डबा, त्यावर बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलचे खोके.

नमुन्यांचा फ्रीज प्रतीक्षागृहात, पाण्याच्या माठाला लागून आहे. त्याला कुलूप नव्हते आणि रुग्णांची नावे व निदान असलेली वहीही त्यावरच उघडी पडलेली होती. जंतू माणसापर्यंत पोहोचू नयेत म्हणून एवढी काळजी घ्यायची आणि कोणीही येऊन ते उचलून न्यावेत अशी सोयही ठेवायची, हे काही पटले नाही. लॅबच्या डॉक्टरांना कॅबिनेटचे आणि फ्रीजचे, दोन्ही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले; कॅबिनेटबद्दल विकणाऱ्याला विचारतो म्हणाले.

तिसऱ्या वेळच्या साखरेचा अहवाल घ्यायला गेलो तेव्हा वही आत गेली होती आणि फ्रीजला नवे पितळी कुलूप लागले होते. किल्ली त्याच कुलपात अडकवलेली होती.